शिकंज्यातली सोळा पानं

मित्रांनो, शिकंजा म्हटलं की माणसं दचकतात. तसं काही मनात आणू नका. मी एक जुना लोखंडी शिकंजा आहे, पुस्तकबांधणीच्या दुकानातला. शिवलेलं पुस्तक माझ्या दोन पाट्यांमध्ये ठेवून वरची फिरकी आवळली, की ते सपाट आणि घट्ट होऊन बाहेर येतं. आयुष्यभर मी एवढंच केलं, पण मनापासून केलं.

मुंबईच्या एका ओतशाळेत मी जन्मलो. हर्णैच्या शरीफभाईंनी मला बोटीतून मस्कतला आणलं आणि तिथल्या मत्रह भागातल्या बाजारामागच्या गल्लीत दुकान थाटलं. कुराणाच्या जीर्ण प्रती, शाळांची हजेरीपत्रकं, विद्यार्थ्यांचे जाडजूड प्रबंध, सगळं माझ्याकडे येई. "शरीफच्या बांधणीतलं पान हलत नाही," असं कुणी म्हटलं की माझ्या अंगावर उगाच मूठभर मांस चढे.

डॉक्टर इद्रिसा आमचं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या आफ्रिकेतल्या देशात लष्कराने सत्ता बळकावली, तेव्हा ते मस्कतला येऊन इतिहास शिकवू लागले. पुढे २०१४ साली ती राजवट कोसळली. एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या पक्षांना मान्य होईल असा एकच माणूस सापडला, तो म्हणजे आमचे हे मास्तर! निवडणूक होईपर्यंत देश त्यांनी सांभाळायचा, असं ठरलं.

नव्या कारभाराचा मसुदा त्यांनीच लिहिला. चार मोठे कागद मधोमध दुमडून सोळा पानं. दुसऱ्या दिवशी तिकडे सगळे पुढारी त्यावर सह्या करणार होते. शरीफभाईंनी शुक्रवारची सुट्टी असूनही दुकान उघडलं, कागद शिवून माझ्या स्वाधीन केले. चौदाव्या पानावर एक कलम होतं: हंगामी प्रमुखाने निवडणुकीला उभं राहायचं नाही. डॉक्टरांनी ते आम्हाला मोठ्या अभिमानाने वाचून दाखवलं होतं.

दुपारी ते परत आले, तेव्हा चेहरा उतरलेला होता. सकाळपासून त्यांच्या माणसांचे फोन चालले होते. तुमच्याशिवाय देश पुन्हा लष्कराच्या हाती जाईल, स्वतःची वाट कशाला बंद करता, असा सगळ्यांचा धोशा.

"शरीफ, चौदावं पान काढून टाक," ते म्हणाले.

खरं सांगतो, मला राग आला. पण शिकंज्याचं कोण ऐकतो? शरीफभाईंनी फिरकी सैल केली, मसुदा उघडला आणि चाकू हातातच धरून उभे राहिले.

"दुक्तूर, काढतो. पण ते एकटं जायचं नाही. ह्याच कागदाचा दुसरा अर्धा म्हणजे तिसरं पान. हे कापलं की तेपण सुटणार."

"मग ते चिकटव."

"चिकटवतो. पण चार हातांत गेलं की कधीतरी गळून पडणार. नवा कागद छापायचा तर आज छापखाना बंद, आणि तुमचं विमान संध्याकाळी. तिसऱ्यावर काय आहे एवढं?"

डॉक्टरांनी चष्मा लावून वाचलं. देशातल्या प्रत्येक सज्ञान बाईला आणि पुरुषाला एक मत, आणि ते कुणालाही काढून घेता येणार नाही.

फोन दोनदा वाजला, तो त्यांनी उचलला नाही. मग म्हणाले, "आवळ, शरीफ. यल्ला, चल लवकर, मला उशीर होतोय."

शरीफभाईंनी फिरकी आवळली. इतक्या आनंदाने मी कधीच काही दाबून धरलं नव्हतं.

दोन वर्षांनी तिकडे निवडणूक झाली. निवडून आलेल्या बाईंच्या हाती कारभार सोपवून डॉक्टर पुन्हा शिकवायला गेले. शरीफभाईंनी मोबाइलवर ही बातमी सगळ्या गल्लीला दाखवली. फोटो मात्र नव्या बाईंचाच होता.

नंतर तारेची बांधणी आली, शरीफभाई थकून हर्णैला गेले आणि मी दाराशी गंजत पडलो. आता माझ्यावर चपला ठेवतात. मित्रांनो, जुन्या अवजाराला अधूनमधून तेलाचा थेंब द्या, ते अजून कामाचं असतं. आणि वेळेवर खुर्चीतून उठून गेलेल्या माणसाचं नाव तुमच्या मुलांना आवर्जून सांगा. बसून राहिलेल्यांची नावं त्यांना आपोआप कळतात.