मागच्या सीटवरून

टेलरची गाडी परत गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली तेव्हा मिस्त्रीचं डोकंच फिरलं. मागच्या दोन्ही चाकांची बेअरिंगं त्यानं स्वतःच्या हातांनी नवी घातली होती, आणि गाडी मात्र मागून तशीच किंचाळत आली. टेलर तोंडाचा फटकळ. मिस्त्री, आता बेअरिंग राहू द्या, कान बदलून घ्या, असं म्हणत त्यानं चावी टेबलावर टाकली आणि तो चालता झाला.

ते मिस्त्रीच्या जिव्हारी लागलं. जुन्या गाडीचा मागचा आवाज ओळखावा तर त्यानंच, असं सगळा रस्ता मानायचा. त्याची रीतही सगळ्यांना ठाऊक. गाडी बायको चालवायची आणि हा मागे आडवा होऊन सीटला कान लावायचा. वेग आला की म्हणायचा, उचल. ती ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायची आणि सांगायची, उचलला. पाय उचलल्यावर आवाज बदलला तर दोष डिफरन्शिअलचा, म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो, त्यातल्या दात्यांचा. आवाज तसाच राहिला तर बेअरिंग. लग्न झाल्यापासून दोघांचं हे असंच चाललेलं. बायकोला गाडी हाकायला लावून हा मागे झोपा काढतो, अशी लोक चेष्टा करायचे.

टेलरची गाडी पहिल्यांदा आली त्या दिवशी तिचा आवाज बदलला नव्हता. उचल म्हटलं, उचलला असं उत्तर आलं, आणि किंचाळणं जसंच्या तसं. म्हणून तर बेअरिंगं बदलली.

आता मिस्त्री एकटाच गाडी घेऊन गोदामांमागच्या सरळ रस्त्यावर गेला. पाय दाबला, आवाज आला. उचलला, गेला. पुन्हा दाबला, पुन्हा आला. हे डिफरन्शिअल आहे हे शेंबडं पोरही सांगेल.

कान गेले आपले, असं त्यानं स्वतःला सांगून पाहिलं. खरं सांगायचं तर त्याला तेच हवं होतं. कान गेले असते तर केवढं बरं झालं असतं! पण कान मेले ठणठणीत होते. मग उरलं काय, ते त्याला कळत होतं आणि कळून घ्यायचं नव्हतं. हातातलाच पाना शोधत बायको गॅरेजभर फिरली होती. रोजच्या गिऱ्हाइकाला, तुम्ही कोण, असं तिनं विचारलं होतं. आणि हा दर वेळी तिच्यावर खेकसला होता, लक्ष कुठं असतं तुझं म्हणून.

तो गॅरेजवर परतला तेव्हा ती रॉकेलमध्ये बोल्ट धूत बसली होती. गाडी बघायची आहे म्हटल्यावर हात पुसून लगेच उठली. तो पुढे तिच्या शेजारी बसला तेव्हा तिला हसू आलं. आज मागे लोळायचं नाही का, पाठ धरली की काय, असं तिनं विचारलं. हो, पाठ धरली, असं त्यानं सांगून टाकलं.

तिनं गाडी झोकात काढली. वळणावर आरशात नजर, गिअरला जरा खरखर नाही. मिस्त्रीच्या जिवात जीव आला. उगाच भलतंसलतं मनात आणतो आपण, असं त्याला वाटलं. सरळ रस्ता लागला, वेग वाढला, मागून किंचाळणं सुरू झालं. त्यानं खाली तिच्या चपलेकडे पाहिलं.

"उचल."

"उचलला," ती म्हणाली.

पाय जागचा हलला नव्हता.

"अगं, उचल ना."

"अहो, उचललाय की."

पाय उलट आणखी दाबला गेला. आणि तिचा चेहरा एकदम निर्धास्त होता, सांगितलेलं काम चोख केलेल्या माणसासारखा. गाडी कडेला घे, पुढं मी चालवतो, एवढंच तो कसाबसा बोलला. तिनं गाडी व्यवस्थित कडेला घेतली. रागावली तर नाहीच, उलट तिला गंमत वाटली. मग आज मी ऐकते, टेलर काही खोटं बोलला नाही, तुमचे कान कामातून गेलेत, असं चिडवत ती मागे जाऊन आडवी झाली आणि तिनं सीटला कान लावला.

परतताना ती मागून हुकूम सोडत होती. उचला म्हटलं की तो उचलायचा, दाबा म्हटलं की दाबायचा. थोड्या वेळानं तिनं निकाल दिला की डिफरन्शिअल आहे, बेअरिंगं फुकट बदललीत. अगदी बरोबर! मिस्त्री वेड्यासारखा तेवढ्यावरच खूश झाला. डॉक्टरला दाखवू, औषध घेऊ. आपण चालवू आणि ती ऐकेल, काय बिघडलं? गॅरेज येईपर्यंत त्यानं मनातल्या मनात सगळं जमवून टाकलं होतं.

दारात त्यानं गाडी बंद केली. चावी काढून मुठीत घेतली. ती उठेना.

"उचला," ती मागून म्हणाली.

चेष्टा करतेय असं वाटून त्यानं मान वळवली. ती डोळे मिटून, कपाळाला आठ्या घालून, सीटला कान लावून होती.

"उचलला गं," तो म्हणाला.

"नाही उचललात. मला ऐकू येतंय."

त्याला रडू फुटलं. त्यानं दोन्ही पाय वर सीटवर घेतले आणि पुन्हा सांगितलं, उचलला. मागून ती उचला, उचला म्हणतच राहिली.