सोजरबाईच्या खुब्याची वाटी

मित्रांनो, मी एक जुना वॉकर आहे. पाय चार, पण एकट्यानं पाऊलभरही जाता येत नाही, अशी माझी गंमत! अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या वाकवून कारखान्यात मला घडवलं. नवा होतो तेव्हा दुकानाच्या दारात ऐटीत उभा असायचो. पुढं पुष्कळ घरं फिरलो. गरज असेपर्यंत सगळे मला सोन्यासारखा जपत, आणि माणूस चालू लागला की माझ्यावर ओले टॉवेल वाळत घालत. मला फार राग यायचा.

अशाच एका घरातून रंगरावांनी मला मागून आणलं आणि थेट अकोल्याच्या दवाखान्यात नेलं. कारंज्याजवळ त्यांचा भाजीचा मळा. त्यांची बायको सोजरबाई कारली घेऊन बाजाराला निघाली असताना ऑटो उलटला आणि तिच्या खुब्याची वाटी फुटली. मांडीच्या हाडाचा गोळा ज्या खोबणीत फिरतो, ती ही वाटी. ऑपरेशन करून ती धातूच्या पट्टीनं आणि स्क्रूंनी जोडली होती.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "पाय नुसता टेकवायचा, भार वॉकरवर द्यायचा. मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही. घाई केली तर जोडलेलं हाड सरकेल."

सोजरबाईनं एकच विचारलं, "मी माह्या मळ्यात माह्या पायानं जाईन ना?"

"जाल. पण हाड जुळू दिलं तर."

त्या दिवसापासून तिनं मला असं घट्ट धरलं की माझ्या नळ्या करकरल्या. घरी आल्यावर घाम गाळत, दात आवळत ती खाटेपासून दारापर्यंत जायची. अशी जिद्दीची बाई मी दुसरी पाहिली नाही.

मग किन्हीराजाहून तिची नणंद प्रयागबाई आली. फोनवर तिनं 'वाटी फुटली' एवढंच ऐकलेलं. आता वाटी म्हटली की आपल्याकडं कुणाच्याही डोळ्यांपुढं गुडघाच येणार! तिळाचं तेल कोमट करून तिनं गुडघा चोळायला घेतला.

"दुखते काय वं?"

"नाई, गुडघा कायले दुखन?"

"मंग जुळली तुही वाटी! कायले त्या लोखंडाले धरून राह्यली? मांडी घालून बस, पाय मोकळा होते."

मला लोखंड म्हणाली! वर मला भिंतीकडं ढकलून तिनं खाली सतरंजी अंथरली. खाटेवर बसून कंटाळलेली सोजरबाई मोहाला बळी पडली. नणंदेच्या खांद्यावर हात ठेवून ती खाली वाकू लागली. मी भिंतीपाशी नुसता पाहत होतो. माझा जीव टांगणीला लागला.

जांघेत कळ आली तशी ती ओरडली, "थांबा बाई! वाटी गुडघ्याची नाई, खुब्याची हाय! ते सरकली तं मळ्यात कोन जाईन, तुमचं तेल?"

"अवं माय! अन् मी गुडघाच चोळून राह्यली!" प्रयागबाईचा चेहरा उतरला. तिनं सोजरबाईला खाटेवर टेकवलं आणि धावत येऊन मला तिच्या हातात दिलं. त्यानंतर भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला ती दारातच दटावायची, "वाटी खुब्याची हाय, ध्यानात ठेवजा!"

पुढच्या एक्स-रेत हाड छान जुळलेलं दिसलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता हळूहळू भार द्या. थोडं लंगडणं मात्र राहू शकतं, आणि उकिडवं बसून तण निंदणं यापुढं नको."

निंदण्यात सोजरबाईचा हात धरणारं कुणी नव्हतं. तरी ती म्हणाली, "निंदाले बाई लावू. कारल्याचा तोडा मीच करीन."

मित्रांनो, हाड जुळत असताना कुणालाही उठायची घाई लावू नका. आणि वेळ आली की त्याला बसवूनही ठेवू नका. आम्हां वॉकरांना कुणी जन्मभर धरून राहावं, असं वाटत नसतं.

एके सकाळी सोजरबाईनं मला मळ्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं केलं आणि हात सोडले. ती कारल्याच्या मांडवाखाली शिरली.

"लंगडून राह्यली तू," रंगराव काळजीनं म्हणाले.

"राहू द्या. पाय माहाच हाय ना?"

ओटीत कारली भरून ती बाहेर आली आणि माझ्यासमोरून, मला न धरता, घराकडं चालत गेली.