काथवटीतले मूल

आमच्या नगरात नको असलेली अर्भके पश्चिमेच्या उकिरड्यावर ठेवण्याची रीत फार जुनी. तिची कोणाला लाज वाटत नसे आणि तिच्याविषयी कोणी मोठ्याने बोलतही नसे. ज्याला हवे त्याने मूल उचलावे, वाढवावे आणि पुढे दास म्हणून राबवावे. कोणी उचलले नाही, तर वाळवंटाकडून येणारी थंडी आणि कोल्हे आपले काम करीत.

माझी वहिनी सिंथोनिस ही मुले उचलून आणी. माझा थोरला भाऊ वारल्यापासून पावाची भट्टी तीच चालवीत होती; जात्याचे गाढव आणि सरपण एवढे माझ्याकडे असे. आम्ही दोघेही ख्रिस्ताचे नाव घेणारे होतो. आमच्या मंडळींत मूल टाकणे हे हत्येसमान मानले जाई आणि टाकलेले मूल उचलणे हा धर्म. वहिनीने यापूर्वी दोन मुले आणली होती. दोन्ही आणली तेव्हाच गारठून निळी पडलेली होती. एक आठवडाभर जगले, दुसरे त्याहून थोडे अधिक. आम्ही त्यांना विधिपूर्वक माती दिली, पण ती पहाटे, गाजावाजा न करता. त्यामुळे गल्लीने काय पाहिले? मूल आत जाते आणि पुन्हा दिसत नाही.

आमच्याविषयी तेव्हा जे बोलले जाई ते लिहायलाही नको वाटते. सूर्यवारी संध्याकाळी हे लोक दारे लावून जेवतात, कोणाचे तरी शरीर खातात, कोणाचे तरी रक्त पितात, असे तर सगळेच म्हणत. पण बाजारात याहून तपशीलवार कथा चालत असे. नव्याने पंथात येणाऱ्यासमोर म्हणे पिठाने माखलेले तान्हे मूल ठेवतात. त्याला वाटते, कणकेचा गोळा आहे. त्याच्या हाती सुरी देऊन घाव घालायला सांगतात, आणि एकदा घाव घातला की तो कायमचा बांधला जातो. ही कथा मी ऐकली होती. वहिनीने ऐकली नव्हती. भट्टीवर कोणी असले काही बोलू लागला, की ती त्याला पाव न देताच वाटेला लावी, आणि आमचे वडीलधारे पेकुसिस गुरुजी यांनी असल्या ओंगळ गोष्टी सभेत बायकांसमोर बोलायच्या नाहीत असा दंडक घातला होता.

पेकुसिस गुरुजींनी अर्ध्या नगराला अक्षरे शिकवली होती. ते आमच्यातले आहेत हे बाहेर कोणालाही ठाऊक नव्हते. संध्याकाळी ते मागच्या बोळातून येत आणि अंगावरची शाल डोक्यावरून ओढून परत जात. आदल्या सूर्यवारी त्यांनी प्रभूचा एक दृष्टांत सांगितला. ईश्वराचे राज्य कशासारखे, तर एका स्त्रीने चिमूटभर खमीर घेतले, पुष्कळ पिठात लपवून ठेवले, आणि दिसेनासे झालेले ते खमीर आतून सारे पीठ फुगवीत गेले, त्यासारखे. गुरुजी म्हणाले, की जे लपवले जाते ते नष्ट होत नाही. ईश्वराने ज्यावर हात ठेवला ते अंधारातही वाढते. वहिनी हे ऐकताना हसली होती. इतके दिवस मेंढपाळ आणि शेतकरी यांचेच दृष्टांत, आज आमच्या धंद्याचा आला, असे ती मला परतताना म्हणाली. पुढचे दिवस पीठ मळताना ती तोच दृष्टांत पुटपुटत असे.

त्या सकाळी थोएरिस देवीच्या उत्सवाचे पाव भाजायचे होते आणि संध्याकाळी आमची सभा आमच्याच घरी होती. उजाडताच वहिनी उकिरड्यावरून एक मुलगी घेऊन आली. नाळ अजून ओली होती. मुलगी क्षीण होती, पण अंग उबदार होते आणि रडण्यात जोर होता. वहिनीचा चेहरा उजळला. ही जगेल, भाऊजी, ही नक्की जगेल, असे ती म्हणाली, आणि तिने मला शेळीच्या दुधासाठी गुरुजींकडे पाठवायचे ठरवले; त्यांच्या घरी शेळी होती. मी गाढव बांधायला मागे गेलो.

परत आलो तेव्हा गल्लीतून आवाज येत होते. समोरच्या घरातली तामुस्था म्हातारी सर्वांत पुढे होती. वहिनीला गाठोडे घेऊन येताना तिनेच पाहिले होते. तिच्यामागे मंदिराचा द्वारपाल होरियोन आणि त्याच्यामागे वीसएक माणसे, काहींच्या हाती काठ्या. होरियोन हा दुष्ट माणूस नव्हता, हे मी आजही म्हणेन. त्याचे डोळे लाल झाले होते, ते रागाने नव्हे. एका मुलाचा जीव वाचवायला आपण चाललो आहोत अशी त्याची खात्री होती.

मी आत पाहिले. वहिनी भट्टीशी पाठ करून उभी होती. मूल कुठेच नव्हते. मी डोळ्यांनी विचारले. तिने डोळ्यांनीच कणीक मळायच्या काथवटीकडे खूण केली. ती मोठी लाकडी काथवट अर्धी चाळलेल्या पिठाने भरलेली होती आणि वर ओले फडके पसरले होते, हवा जावी म्हणून एका कडेला थोडे वर उचललेले. तिला वाटले होते, की काठ्या घेऊन आलेले लोक आधी खाटेखाली, लाकडांमागे, भट्टीत पाहतील. पिठात कोण पाहील? शिवाय तिच्या ओठांवर तो दृष्टांत होताच. स्त्रीने पिठात लपवले.

मला बाजारातली कथा ठाऊक होती. मी काथवटीकडे एक पाऊल टाकले आणि तेवढ्यात ते सगळे आत शिरले.

तामुस्थाने कमरेवर हात ठेवून भट्टीभर नजर फिरवली.

"सिंथोनिस, सकाळी सकाळी काय गं आणलंस बाई पदराखाली? कांदे तर नव्हते. कांदे रडवतात, रडत नाहीत."

मागे कोणीतरी हसले. होरियोनने वहिनीला शांतपणे सांगितले, की मूल दे आणि आम्ही जातो. तिने विचारले, की देऊन तुम्ही काय कराल? त्याने माणसांना शोधायला सांगितले. त्यांनी खाट उलटी केली, सरपण पाडले, भट्टीचे झाकण काढले. मी भिंतीला टेकून उभा होतो आणि मनात एकच प्रार्थना करीत होतो, की ती रडू नये. मग स्वतःचीच भीती वाटली, कारण ती रडली नाही तर त्याचा अर्थ काय होईल हेही मला ठाऊक होते.

ती रडली नाही. ती शिंकली.

फडके हलले. होरियोन काथवटीजवळ गेला आणि त्याने फडके ओढले. पिठातून त्याने तिला उचलले तेव्हा ती डोक्यापासून पायापर्यंत पांढरी होती; पापण्यांवर पीठ, ओठांवर पीठ, मुठीत पीठ. मग मागची एक बाई ओरडत बाहेर पळाली.

होरियोन तिला हातात धरून म्हणाला, "पीठ. तेच ते. मी म्हणत होतो, लोक वाढवून सांगतात. पीठ लावून तयार ठेवलंय. आज संध्याकाळी यांची पंगत आहे."

वहिनीला काही कळले नाही. तिने माझ्याकडे पाहिले. मी तिला तिथे, त्यांच्यासमोर, कसे सांगणार होतो? पण काहीतरी भयंकर घडले आहे, हे तिने माझ्या चेहऱ्यावरून वाचले. मी तिला इतकी पांढरी पडलेली कधी पाहिली नव्हती. तिने सांगण्याचा प्रयत्न केला, की तुम्ही घेऊन जाल म्हणून लपवली. मूल आज पहाटेच उकिरड्यावर सापडले. तेही त्यांना ठाऊकच होते. कोणीतरी विचारले, की आधीची दोन कुठे आहेत? तिने सांगितले, की मेली, पुरली. ते शब्द त्या खोलीत कसे ऐकू आले असतील, हे मी आजही विसरू शकत नाही.

एकाने तिचा दंड धरला. तिला नगराधिकाऱ्याकडे न्यायचे ठरले. साक्ष म्हणून मूलही, जसे आहे तसे, पिठासकट. मुलगी आता घशात काही अडकल्यासारखी घरघरत होती. वहिनीने दंड सोडवला नाही. फक्त दुसरा हात पुढे करून बोटाने मुलीच्या तोंडातले पीठ काढले, नाकपुडी पुसली. होरियोनने तिला करू दिले. मग ती त्याला म्हणाली,

"मी येते. चला. पण हिला घेणार कोण? कोणाच्या घरी ठेवता, ते आधी सांगा. म्हणजे मी निवांत येते."

होरियोनने मागे वळून पाहिले. तो म्हणाला, की असतील ना पुष्कळ. आणि मग त्याने एकेकाकडे मूल पुढे केले.

पुढे झाले ते मला अजून झोपेत दिसते. कोणी खाली पाहिले. कोणी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. एक म्हणाला, की मुलगी आहे ना, मुलगा असता तर पाहिले असते. होरियोनने तामुस्थाला म्हटले, की तुझ्या सुनेला दूध आहे, तशी ती चिडली.

"माझ्या सुनेला तिचं स्वतःचं आहे की! आणि आम्ही का म्हणून? टाकली कोणी, आणि निस्तरायचं आम्ही?"

होरियोन म्हणाला, "मग परत उकिरड्यावर ठेवायची का?"

मागचे दोघे दारातून निघून गेले. त्यांना उत्सवाची कामे होती. नगराधिकाऱ्यासमोर मूल नेले तर सांभाळण्याची जबाबदारी नेणाऱ्यावर पडते, असे कोणीतरी हळूच म्हणाले, आणि ते ऐकून आणखी चार जण गेले. दंड धरणाऱ्याने दंड सोडला. थोड्या वेळाने खोलीत होरियोन, तामुस्था आणि आम्ही दोघेच उरलो. शेवटी तामुस्थाही गेली.

या क्षणी मला सर्वांत अधिक भय वाटले. ते लोक आम्हाला निर्दोष ठरवून परतले नव्हते. त्यातल्या प्रत्येकाची अजूनही तीच खात्री होती, की ही बाई मूल कापून खाईल. आणि ती खात्री असूनही ते मूल तिच्याजवळ सोडून घरी गेले होते.

होरियोन मूल हातात घेऊन उभा होता. त्याचे घर मंदिराच्या आवारात. तिथे टाकलेले मूल नेता येत नसे. अखेर त्याने मुलगी वहिनीच्या हाती दिली आणि तिच्या डोळ्यांत रोखून पाहत म्हणाला,

"मी समोरच्या पायरीवर बसणार आहे. रोज. ही दिसली नाही, तर मी कोणाला विचारणार नाही. पेटवून देईन."

"खुशाल बस," वहिनी म्हणाली.

आता ध्यानात घ्या. असली मुले बहुधा जगत नाहीत. ही मुलगी तापाने गेली, गारठ्याने गेली, नशिबाने गेली, तरी उत्तर एकच असणार होते. मी वहिनीला म्हणालो, की हिला आजच नदीपलीकडे आमच्या मंडळींत पोचवू. ती म्हणाली, की मूल दिसेनासे झाले की खाल्ले असेच ठरेल, आणि मग या नगरातल्या आपल्या प्रत्येक घराला आग लागेल. मुलगी इथेच राहिली पाहिजे, सर्वांना दिसली पाहिजे, आणि जगली पाहिजे. गल्लीतली दाई दुपारी दाराशी येऊन परत गेली. तिच्या नवऱ्याने तिला हाक मारली होती. मुलीचे रडणे दुपारपर्यंत बारीक झाले. वहिनी पाण्यात बुडवलेले फडके तिच्या ओठांना लावीत होती आणि मी दारातून समोरच्या पायरीकडे पाहत होतो. होरियोनही इकडेच पाहत होता. आवाज बारीक झाल्याचे त्यालाही कळले होते.

दुधासाठी मला बाहेर पडता येईना. कोपऱ्यावर काठ्या घेऊन दोघे उभे होते. पिठातल्या मुलीची बातमी नगरभर झाली होती; सभा रद्द झाल्याचा निरोप आपसूकच सगळीकडे पोचला असणार. आज आमच्याकडे कोणी येणार नाही, हे मी मनाशी धरून बसलो होतो.

उन्हे उतरू लागली तेव्हा गल्लीच्या तोंडाशी पेकुसिस गुरुजी दिसले. मागच्या बोळातून नव्हे. भर रस्त्याने, डोक्यावर शाल न घेता. दोन्ही हातांत मडके धरले होते. मडके काठोकाठ भरले होते आणि दर पावलागणिक थोडे दूध त्यांच्या पायांवर सांडत होते. दारोदार लोक उभे राहिले. ज्यांना त्यांनी अक्षरे शिकवली होती ते सगळे पाहत होते, की गुरुजी कोणत्या दाराकडे चालले आहेत. मला ओरडून त्यांना परत फिरवावेसे वाटले.

होरियोनने पाय आडवा टाकला.

"गुरुजी, तुम्ही? तुम्हीसुद्धा?"

गुरुजींनी मान होकारार्थी हलवली.

"काय आहे त्यात?"

"दूध आहे, बाळा. शेळीचं. लहानगीसाठी."

होरियोनने मडक्यात बोट बुडवले. ते उन्हाकडे धरून पाहिले, मग जिभेला लावले. बराच वेळ तो चव घेत राहिला, जणू त्यात आणखी काही सापडेल. गुरुजी डोळे मिटून उभे होते. मग त्याने पाय आखडून घेतला.

गुरुजी आत आले आणि उंबरठ्यापाशीच खाली बसले. वहिनीने मडके घेतले, फडक्याचे टोक दुधात बुडवले आणि मुलीच्या तोंडाला लावले. पहिल्यांदा दूध ओठांवरून ओघळले. दुसऱ्यांदाही. मी भयाने दार लोटू लागलो, कारण बाहेर माणसे जमत होती आणि पायरीवरून उठलेला होरियोन मान उंचावून आत डोकावत होता.

वहिनीने मान वर केली नाही.

"दार लावू नका, भाऊजी. त्यांना दिसू द्या."