दसऱ्याचा ओरखडा

सहदेव परबने जुनी का होईना, फियाट घेतली, तेव्हा मुलुंडच्या त्याच्या सोसायटीत दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, गाडी बरी आहे. दुसऱ्याचं म्हणणं, माणूस बरा होता. गाडी फिकट निळी होती आणि सहदेव रोज ऑफिसला जायच्या आधी तिला पुसायचा. ऑफिसला तो बसनेच जायचा. गाडी रविवारसाठी होती, आणि रविवार पुसण्यातच जायचा.

गाडीच्या पहिल्या दसऱ्याला नारळ कोण फोडणार, हा प्रश्नच नव्हता. सहदेवचे वडील गुणाजी लालबागच्या चाळीत होते तेव्हापासून सगळ्यांचे नारळ त्यांच्याच हातचे. डाव्या तळव्यावर नारळ, उजव्या हातात कोयता, एक घाव, दोन सारखी भकलं. पण आधी संपात गिरणी गेली आणि यंदाच्या उन्हाळ्यात अर्धांगाच्या हलक्या झटक्याने उजव्या हाताचा जोर गेला. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला होता. "मी काय बालवाडीत जातंय?" असं विचारून गुणाजींनी तो कपाटावर ठेवला होता.

"आबा, मी फोडू का?" सहदेवने विचारून पाहिलं.

"तू? तुका शेंग तरी फोडूक येता?"

गुणाजींचा कोयता नारळावर बसला, पण शिरला नाही. घसरला, आणि त्याचं टोक पुढच्या मडगार्डवरून थेट दारापर्यंत गेलं. आवाज असा झाला, की चौथ्या मजल्यावरचे विद्याधर करंदीकर हातातल्या कपासकट गॅलरीत आले.

"चला, आता दृष्ट लागायची भीती नाही!" ते वरून म्हणाले. शेजारधर्म म्हणून.

गुणाजींनी कोयता खाली ठेवला, उजवा हात लेंग्याच्या खिशात घातला, आणि तो हात मग बाहेरच आला नाही. चमच्याने जेवणाऱ्या माणसाला जन्मभर 'पेशंट' म्हणणारा हा गृहस्थ डाव्या हातात चमचा धरून जेवू लागला.

खरं सांगायचं तर सुरुवातीला सहदेवला फक्त गाडी दिसत होती. बायको, मालन, पोळी वाढताना एकदा थांबली.

"गाडीचं सोडा हो. आबांनी काल मला शर्टाची बटणं लावायला सांगितली. आबांनी. मला."

तेव्हा कुठे त्याला ओरखडा किती खोल गेलाय ते कळलं. मग त्याने मध्यमवर्गीय माणूस करतो तेच केलं: डाग घालवला की गोष्टही जाईल, असं ठरवलं.

भांडुपच्या दत्ताराम पेंटरने सल्ला दिला. "चरीत रंग भरा, नीट वाळू द्या. मग वॉटर पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने घासा. हलक्या म्हणजे हलक्या, साहेब. मग रबिंगची पेस्ट चोळा, मग पॉलिश. जोर लावलात तर रंग जाईल, पत्रा दिसेल आणि मग माझ्याकडे याल." शेवटचं वाक्य त्याने जरा आशेनेच म्हटलं.

भरलेला रंग वाळून छडीच्या वळासारखा वर आला होता. रविवारी सहदेवने जुन्या चपलेच्या तळाचा तुकडा कापला, त्याला भिजवलेला कागद गुंडाळला आणि कपाळावरची शीर उठेपर्यंत घासायला लागला. पहिल्या मजल्याच्या खिडकीत गुणाजी उभे होते. थोडा वेळ त्यांनी सोसलं.

"अरे मेल्या, रेडो धुतंस काय?"

"मग तुम्ही या ना खाली! पाणी तरी ओता!"

गुणाजी आले. डाव्या हाताने तांब्या तांब्या पाणी ओतू लागले. पाण्याखाली वळ कुठवर उतरलाय ते दिसेना, आणि डाव्या हातात तर तांब्या. उजवा हात खिशातून निघाला आणि मडगार्डवर जाऊन बसला. कुणी बोलावलं नव्हतं त्याला.

"हयसर अजून उंच आसा," एका जागी बोट टेकवून गुणाजी म्हणाले.

"अहो, वर या जरा!" मालनने खिडकीतून हाक मारली. सहदेव वर गेला. काहीच काम नव्हतं. मालनने नुसतं बोट दाखवलं. खाली गुणाजी कागद घेऊन घासत होते. हाताला जोर नव्हता, आणि या कामाला तो नकोच होता. कागद निळ्या पाण्यातून पुढे जात होता, मागे येत होता. मधूनच बोटांतून सुटायचा. गुणाजी त्याला मालवणीत काहीतरी सांगायचे आणि पुन्हा उचलायचे.

"चेंडू दाबायला लाज वाटते. गाडी घासायला नाही," मालन म्हणाली. "खाली जाऊ नका. चहा घ्या."

दिवाळी येईपर्यंत हेच चाललं. सकाळी बादली, मग बारीक कागद, त्याहून बारीक कागद. बोटं कागद धरायला शिकली, मग बटण, मग एक दिवस भाकरीचा तुकडा. परबांच्या घरात चांगल्या गोष्टीवर बोलायची पद्धत नव्हती. शेवटी रबिंग झालं, पॉलिश झालं, आणि मडगार्डमध्ये करंदीकरांची गॅलरी करंदीकरांसकट दिसू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुणाजी खाली गेले, मडगार्ड बघितलं, आणि आता काय करायचं ते न कळून उभे राहिले. मग हात खिशात गेला. रात्री जेवताना त्यांनी चमचा मागितला.

सहदेवने उठून तो आणून दिला.

सकाळी दूध आणायला म्हणून तो उतरला. गाडीची दुसरी बाजू कोरी होती. त्याने किल्ली काढली, डोळे मिटले, आणि पोटच्या पोराला चापट मारावी तशी दारावरून ओढली. मग पिशवी विसरून वर आला.

"आबा, वाट लागली! दूधवाल्याची सायकल घासली बहुतेक."

गुणाजी खाली आले. उजवा हात बाहेर काढून त्यांनी दारावरून फिरवला, दोनदा. मग सहदेवच्या मुठीतल्या किल्लीकडे पाहिलं. तिच्या टोकाला निळा रंग होता.

"ह्यो कसलो रे ओरखडो?" ते म्हणाले. "मांजार काढता ह्येच्यापेक्षा बरो."

सहदेवने किल्ली खिशात घातली.

"काढूचोच होतो तर माका सांगूचा होता." गुणाजींचा तळवा अजून दारावरच होता. "जा, बादली आण. आणि येताना दूध घेऊन ये, सून चहाची वाट बघता."