युवागृहात रबातचा पाहुणा

इतिमादचं चुकलं ते एवढंच, की तिने शेजारच्या लाल्ला रुकय्याला सांगितलं, "शुक्रवारी रबातहून एक साहेब येणार आहेत." तपासणीला येणार आहेत, हे आधी सांगायला हवं होतं. पण कासाब्लांकाच्या त्या जुन्या कामगारवस्तीत कोणी येणार म्हटलं, की पुढचं ऐकायला थांबतो कोण!

युवागृह म्हणजे सरकारी मालकीचा एक मोठा हॉल आणि दोन खोल्या. संध्याकाळी गल्लीतली पोरंपोरी तिथे कराटे शिकायची, नाटकं बसवायची, आणि काहीच नसलं तर भांडायची. रस्त्यावर भांडण्यापेक्षा ते बरं. पण गेल्या हिवाळ्यात हॉलच्या छताचा एक कोपरा खाली आला आणि नगरपालिकेची नोटीस चिकटली: उन्हाळा संपेपर्यंत दुरुस्ती करा, नाहीतर कुलूप. दुरुस्तीचा पैसा राजधानीतलं, रबातचं मंत्रालय देणार, आणि द्यायचा की नाही हे साहेब डोळ्यांनी बघून ठरवणार. इतिमाद तिथली संचालिका, शिपाई आणि झाडूवाली, सगळं तीच. तिचा बेत पक्का होता. काही आवरायचं नाही, काही झाकायचं नाही.

शुक्रवारी ती आली तर दार उघडंच. आत पाऊल टाकलं आणि बघते तर काय! फुटक्या फरशीवर लाल्ला रुकय्याचा लग्नातला गालिचा पसरला होता. भिंतीकडेने चहावाल्या बूअज्जाच्या गाद्या आणि नक्षीच्या उशा मांडल्या होत्या. आणि पडक्या छताखाली चांगला भरजरी पडदा, मांडव घातल्यासारखा ताणून बांधलेला!

"लाल्ला, अहो हे काय करून ठेवलंत?"

"काय म्हणजे? पाहुण्याला त्या भगदाडाखाली बसवणार होतीस?"

"भगदाडच तर दाखवायचंय त्यांना!"

"अगं, शिकून शहाणी झालीस की खुळी? आल्यागेल्याला कोणी आपलं फाटकं दाखवतं होय?"

तेवढ्यात बाहेर गाडी थांबलीच. आता बोला!

साहेबांचं नाव लग्रीसी. गोल, घामाघूम आणि स्वभावाने अगदी गरीब माणूस. गादीवर टेकले तसा बूअज्जाने हात उंच नेऊन, एक थेंब न सांडता पुदिन्याचा चहा ओतला. मग वाफवलेल्या रव्यावर सात भाज्या रचलेला कुसकुस आला. भिंतीशी धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांत कराटेच्या मुली रांगेने उभ्या, त्यात लाल्लाची नात हिबासुद्धा.

"साहेब, जरा वर बघता का?" इतिमाद म्हणाली.

"जेवू दे की त्यांना!" लाल्लाने भोपळ्याची मोठी फोड साहेबांपुढे सरकवली.

इतिमादने तीनदा प्रयत्न केला. तीनदा फोड आली.

शेवटी जेवता जेवताच साहेबांनी खुशीत फाइल उघडली. "बाई, चौदा युवागृहं पाहिली, पण अशी टापटीप कुठे नाही. आमच्याकडे पैसा थोडा. जिथे खरी गरज आहे तिथेच..." आणि त्यांनी लिहिलं: स्थिती उत्तम.

इतिमादचा धीरच सुटला. गप्प बसावं तर कुलूप, बोलावं तर साऱ्या गल्लीचं नाक कापलं जाणार.

"साहेब, यातलं काहीच इथलं नाही. सगळं लोकांकडून मागून आणलंय."

"मागून?" बूअज्जाने किटली आदळली. "कोणी मागितलं? आम्ही आपणहून आणलंय!"

लाल्ला रुकय्याचा चेहरा लालबुंद झाला. लहानपणी इतिमादच्या वेण्या घालणारी ही बाई, आता आपलं तोंडही बघणार नाही, हे इतिमादला कळून चुकलं आणि तिला रडू फुटायला आलं.

लाल्लाने एकदा भिंतीशी उभ्या मुलींकडे, त्यातल्या हिबाकडे पाहिलं.

"उठा साहेब."

"अं?"

"उठा म्हणते. गालिच्यावरून पाय काढा."

आयुष्यात तिने कुठल्या पाहुण्याला अर्ध्या जेवणावरून उठवलं नव्हतं. तिने स्वतः वाकून गालिचा गुंडाळला. खाली उखडलेली फरशी, ओल आणि माती. बूअज्जाने पुटपुटत पडद्याची दोरी सोडली, तर ओंजळभर गिलावा थेट साहेबांच्या टकलावर.

"आता मी बसू कुठे?" टक्कल झाडत साहेबांनी विचारलं.

"बसायला काही नाही साहेब," लाल्ला म्हणाली. "आमच्याकडे काहीसुद्धा नाही."

साहेबांनी उभ्याउभ्याच 'उत्तम' खोडलं आणि पुढे बराच वेळ लिहीत राहिले.

इतिमाद लाल्लाचा हात धरायला गेली, तर तिने तो झटकला. "हात लावू नकोस मला!"

सप्टेंबरात छत झालं. लाल्ला मात्र इतिमादशी बोलली ती जानेवारीत. नव्या छताखाली आपला गालिचा स्वतः अंथरून म्हणाली, "बोलाव तुझ्या त्या साहेबाला. बिचाऱ्याचं जेवण अर्धं राहिलंय."