मेलेल्यांचा पासवर्ड

"आला! आला! पासवर्ड आला!"

हार्डवेअरच्या दुकानावर एक भाड्याचा हॉल आहे. तिथे जमलेली शंभर-दीडशे माणसं एकदम उठून उभी राहिली, आणि ज्यांना खुर्च्या मिळाल्या नव्हत्या ती पुढच्यांच्या पाठीवर रेलली. समोरच्या सोफ्यावर चावीमहाराज बसले होते. गळ्यात किलोभर चाव्या, मांडीवर मंत्रांचं जाडजूड पुस्तक आणि पुढ्यात एका निवृत्त कारकुनाचा लॅपटॉप. महाराजांनी डोळे किलकिले करून एकेक अक्षर सांगितलं, कारकुनाने ते दाबलं आणि बंद पडदा उजळला. त्याच्या गेलेल्या बायकोचं लाडाचं नाव होतं ते. कारकून ढसाढसा रडला. बाई जिवंत होती तेव्हा याने तिला त्या नावाने वर्षातून किती वेळा हाक मारली असेल, देव जाणे. पण आता टाळ्या पडत होत्या.

मी मागच्या भिंतीला टेकून उभा होतो. याच रस्त्यावर माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. बावीस वर्षं मी बंद पडलेली यंत्रं उघडतोय, माझ्यासाठी कोणी एक टाळी वाजवलेली नाही. तेव्हा मला पोटदुखी होती हे आधीच कबूल करतो. पण पोट दुखणारा माणूस खोटंच बोलतो असं काही नाही.

प्रकार असा होता. ऑनलाइन एक विक्रेता जुने लॅपटॉप निम्म्या किमतीत विकत होता. लोक मागवत होते. पार्सल यायचं, खोकं उघडायचं, लॅपटॉप सुरू व्हायचा आणि पासवर्ड मागायचा. विक्रेत्याला फोन केला की साखरेत घोळलेला एक आवाज सांगायचा, "काका, बिघाड नाही हा. तुमच्या घरातलं कोणी गेलंय का? ते येऊन बसलंय यात. मनाने काही दाबू नका. तीनदा चुकलात की यंत्र कायमचं बंद, आणि आत्मा आत अडकला. तुमच्या नशिबाने या महिन्यात महाराज तुमच्याच भागात आहेत. खोक्यासकट जा हं, आत्म्याला खोक्याची सवय झालेली असते."

शेणाने भरलेलं डोकंसुद्धा इथे थांबून विचार करील, असं मला वाटायचं. आत्म्याला पुठ्ठ्याची सवय! पण आमच्या गल्लीतली माणसं, त्यात एक बँकेचा अधिकारी आणि दोन मास्तर, खोकी छातीशी धरून रांगेत उभी राहिली.

आणि त्या रांगेत माझी सख्खी थोरली बहीण होती.

ताई रुग्णालयाच्या धुलाईखात्यात चादरींना इस्त्री करते. तिचा मुलगा दोन वर्षांपूर्वी रस्त्यावर ट्रकखाली गेला. लहानपणी रडायला लागला की तीन घरं जागी व्हायची, म्हणून ताई त्याला भोंग्या म्हणायची. मागे राहिली मुलगी, एकोणीस वर्षांची. तिला अभ्यासाला लागतो म्हणून ताईने कोणाला न सांगता लॅपटॉप मागवला. मला विचारलं असतं तर मी फुकट दिला असता, पण भावाकडून फुकट घेणं तिला कधी जमलेलं नाही.

लॅपटॉप आला, तो कुलूपबंद. मी म्हणालो, "ताई, दे इकडे. अर्ध्या तासात उघडून देतो."

"हात लावू नकोस."

"अगं, माझा धंदा आहे हा!"

"तुझा धंदा यंत्राचा. यात माझं पोर आहे."

पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते असं. ताई महाराजांकडे गेली, महाराजांनी अक्षरं सांगितली आणि "भोंग्या" असं दाबल्यावर पडदा उघडला. त्या दिवसापासून ताईने घर सोडल्यातच जमा होतं. महाराजांनी हुकूम सोडला होता की लॅपटॉप कोणी वापरायचा नाही, आईने तो घेऊन महाराजांच्या मागे राहायचं, म्हणजे मुलगा हळूहळू बोलू लागेल. महिना संपला की महाराजांची गाडी पुढच्या शहराला निघणार होती, आणि ताई त्या गाडीत बसणार होती. नोकरीचा राजीनामा लिहून तयार होता. महाराजांना कपडे इस्त्री करायला फुकटची बाई मिळाली होती, एवढाच त्यातला परमार्थ.

भाची माझ्या दुकानात येऊन बसली.

"तू आईला अडवलंस का?" मी विचारलं.

"अडवलं. ती म्हणाली, तुझं लग्न होईल, तू जाशील. त्याला माझ्याशिवाय कोण आहे?" मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मामा, मी तिला दिसतच नाही. मी जिवंत आहे ना, म्हणून."

विक्रेत्याशी भांडून बघू म्हणून मी तिला ताईचा मोबाईल आणायला सांगितला. त्यात खरेदीच्या वेळी भरलेला 'गॅरंटी फॉर्म' होता. सतरा रकाने. पत्ता, जवळची खूण, वीज किती वेळ असते, डावखुरे आहात का, वाटेल ते विचारलेलं. आणि चौदावा रकाना: 'दुरुस्तीच्या वेळी ओळख पटावी म्हणून, घरातील दिवंगत जिवलग व्यक्तीचे लाडाचे नाव व नाते.'

पुढे ताईनेच लिहिलं होतं: भोंग्या, मुलगा.

काखेत कळसा अन् गावाला वळसा! विक्रेता तेच नाव पासवर्ड म्हणून घालत होता आणि लॅपटॉप पाठवत होता. सतरा रकाने भरताना हात दुखून आलेल्या माणसाला चौदाव्यात काय लिहिलं ते आठवत नाही. आठवलंच तरी ते दाबून बघायची सोय नव्हती, कारण तीन चुकांची भीती आधीच घातलेली.

आम्ही धावत जाऊन ताईला फॉर्म दाखवला. तिने तो नीट वाचला आणि शांतपणे म्हणाली, "मी नाव लिहिलं म्हणूनच तर तो आला."

आता बोला! पुरावा दाखवून माणूस शहाणा होतो असं समजणारा मी, उंटावरचा शहाणा ठरलो. मग ठरवलं, पुरावा दाखवायचा नाही, चालता-बोलता उभा करायचा. माझ्या बायकोने स्वतःच्या नावावर त्याच विक्रेत्याकडून लॅपटॉप मागवला. चौदाव्या रकान्यात तिने लिहिलं: बोकोबा, पती. लिहिताना तिचा हात जरासुद्धा अडखळला नाही, ही गोष्ट मी लक्षात ठेवली आहे.

तर त्या दिवशी हॉलमध्ये कारकुनाच्या पाठोपाठ तिचा नंबर होता. ताई पहिल्या रांगेत बसली होती आणि भाची तिच्या मागे उभी होती. दारातल्या शिष्येने खोक्यावरचा क्रमांक मोठ्याने वाचला. महाराजांनी मंत्रांचं पुस्तक उघडलं, आत बघत थोडं पुटपुटले, आणि मान वर केली.

"माऊली, तुझं कुंकू पुसलं गेलंय."

"हो महाराज," बायको म्हणाली.

आम्हा नवराबायकोला ओळखणाऱ्या ज्यांनी मला दारात पाहिलं होतं, त्यांच्या माना हळूहळू मागे वळायला लागल्या.

"तो इथेच आहे. मला दिसतोय. प्रकाशात उभा आहे."

माझ्या डोक्यावर ट्यूबलाइट होती, त्यामुळे हे एक खरं होतं.

"काय म्हणतोय?"

"म्हणतोय, तुला फार त्रास दिला. तुझी कदर केली नाही."

"अजून?"

"घरात कधी हात लावला नाही, त्याचा पश्चात्ताप होतोय."

"हे त्याने जिवंतपणी म्हणायला हवं होतं," बायको म्हणाली आणि डोळ्याला पदर लावला. आतून ती हसत होती हे तिच्या खांद्यांवरून मला कळत होतं. महाराजांनी अक्षरं सांगितली, 'बोकोबा' झालं, पडदा उजळला आणि सवयीने चार-दोन टाळ्याही पडल्या.

मी खुर्च्यांमधून वाट काढत पुढे गेलो. "महाराज, मीच बोकोबा. मला पश्चात्ताप वगैरे काही झालेला नाही."

हॉलमध्ये हशा पिकला. महाराज हडबडले, पण उचलली जीभ लावली टाळ्याला, "हा... हा देह आहे! आत्मा केव्हाच गेलाय!" आणि सांगायला लाज वाटते, निवृत्त कारकुनाने पुढे होऊन मला खरोखर चिमटा काढून बघितला. मी ओरडलो, तरी तो शेजाऱ्याला म्हणाला, "पण पासवर्ड तर बरोबर आला की!"

या सगळ्यात भाची सोफ्याजवळ पोचली होती. तिने महाराजांच्या मांडीवरचं पुस्तक ओढून घेतलं. आतली पानं चौकोनी कापून मोबाईल बसवलेला होता. त्यावर यादी होती. ती मोठ्याने वाचू लागली.

"खोकं एकशे बारा. आई. हाक, माईडी."

बँकेचा अधिकारी मटकन खाली बसला.

"एकशे तेरा. नवरा. हाक, अहो शेठ. एकशे पंधरा. बायको. हाक, चिमणे."

कारकुनाने कानांवर हात ठेवले. आपलीच माणसं पोरीच्या तोंडून एकामागून एक यादीतून उतरत होती. मग तिची नजर पुढच्या ओळीवर गेली आणि ती थांबली. ती ओळ तिने वाचली नाही. मोबाईल तसाच आईपुढे धरला.

नंतर जे व्हायचं ते झालं. शिष्या मागच्या जिन्याने पळाली, महाराज चाव्यांच्या ओझ्याने पळू शकले नाहीत. लोकांनी त्यांना जे धुतलं, त्यात कालपर्यंत त्यांचे पाय धुणारेच पुढे होते. पोलीस आले तेव्हा महाराज त्यांच्या गाडीत आपणहून चढले.

हॉल रिकामा झाला. ताई पहिल्या रांगेत, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेली. मी म्हणालो, "ताई, चल घरी."

"तो पहाटेचा पाऊण तास रस्त्यावर पडून होता," ती म्हणाली. "महाराज म्हणाले होते, तो म्हणतोय, आई, आता मला थंडी वाजत नाही. तेही खोटं?"

"खोटं."

"एवढं तरी ठेवायचं होतंस रे."

मला माझ्या जिभेची शिसारी आली. तरी सांगतो, तिने पुन्हा विचारलं तर मी पुन्हा तेच म्हणेन. कारण त्या एका गोड वाक्याच्या बदल्यात तो माणूस एका पोरीची आई घेऊन निघाला होता. तुमच्या मनातलं कोणी ओळखलं, तर पाया पडायच्या आधी एकच प्रश्न विचारा: हे तुला कोणी सांगितलं? शोधत गेलात तर बहुतेक वेळा कुठल्यातरी चौदाव्या रकान्यात तुमचंच अक्षर सापडेल. मेलेले बोलत नाहीत. त्यांच्या नावाने बोलतो तो जिवंत असतो, आणि त्याला काहीतरी हवं असतं.

ताईचं पुढच्या शहराला जाणं टळलं. ती माझ्याशी बोलत नाही, याला आता सहा महिने होतील. भाचीशी मात्र बोलते.