वीस मिनिटांची मर्यादा

ऑफिसात सगळे तिला वहिनी म्हणत, कारण तिचा सख्खा दीर तिच्याच टीममध्ये होता आणि त्याला उभ्या जन्मात तिचं नाव घेता आलं नसतं. ती त्याला भावजी म्हणे, म्हणून तोही जगाचा भावजी झाला. भर मीटिंगमध्ये साहेबांनी "काय भावजी?" म्हटलं की बिचाऱ्याचे कान लाल होत.

लिहिलेला कोड घेऊन त्यातून दवाखान्यांसाठीचं सॉफ्टवेअर आपोआप बनवायचं, तपासायचं आणि पुढे धाडायचं, हे काम एक मशीन करी. त्या कामाला सगळे बिल्ड म्हणत. मागे एक बिल्ड मध्येच अडकलं आणि सुट्टीभर ठाण मांडून बसलं. मागची सगळी कामं ताटकळली. भावजी भडकला. त्याने सरसकट नियम ठोकला: वीस मिनिटांत झालं नाही तर बंद. रोजचं बिल्ड बारा मिनिटांत होई, त्यामुळे वीस म्हणजे त्याच्या मते चैनच होती.

आज सकाळी एका दवाखान्यातून फोन आला. वॉर्डातल्या स्क्रीनवर औषधाचा डोस दुप्पट दिसत होता. नर्स हाताने हिशेब करून निभावत होत्या, पण दुपारच्या औषधांआधी दुरुस्ती हवी होती. ती एका ओळीची होती. भावजीने लिहिली, बिल्ड लावलं, आणि ते त्याच्याच नियमाने बंद पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"ती मर्यादाच उडवा की!" साहेब म्हणाले. "तिकडे पेशंट आहेत, आणि आपण घड्याळ लावून बसलोय."

भावजी उडवणारच होता. वहिनीने खुर्ची ओढली.

"थांबा, भावजी. आधी ते अडकलंय की चालतंय, ते बघू."

ती स्क्रीनवरच्या नोंदी खालून वर वाचू लागली, भाजी निवडावी तशी. हिला प्रत्येक गोष्टीला वेळ लागतो, असं तिचा नवरा, म्हणजे भावजीचा दादा, घरी कुरकुरायचा. भावजीलाही आत्ता तसंच वाटलं.

"चालतंय की," ती म्हणाली. "काल मशीन बदललं ना? बिल्डला लागणारे तयार कोडचे तुकडे, ते सगळं सामान, जुन्यावर आधीच उतरवलेलं होतं. नव्यावर ते पहिल्यापासून आणावं लागतंय. आणि आणलेलं ते ठेवून देतं कधी? बिल्ड पुरं झाल्यावर. तुम्ही त्याला अर्ध्यातून हाकलता, मग पुढच्या वेळी परत पहिल्यापासून."

भावजीच्या लक्षात आलं. आपण दिवसभर लावत बसलो असतो तरी ते झालं नसतं.

तिने आलेलं सामान लगेच ठेवून द्यायची सोय केली आणि मर्यादा पन्नास मिनिटांवर नेली.

"पन्नास तरी कशाला? काढूनच टाका," साहेब म्हणाले.

"नाही, साहेब. मशीन रिकामं असलं तर चाळीस लागतात, मागच्या नोंदी बघितल्यात मी. वर थोडी ढील दिली. काढली तर अडकलेलं आणि चालणारं आपल्याला सारखंच दिसेल." आणि तिने शेवटच्या तपासण्यांपैकी प्रत्येकीला वेगळी दोन मिनिटांची मर्यादा घातली.

सामान आलं, सॉफ्टवेअर तयार झालं, तपासण्या सुरू झाल्या. आणि एक तपासणी खरोखरच अडकली. दोन मिनिटांत मशीनने तिचं नाव सांगून काम थांबवलं. ती बिचारी अजून जुन्या मशीनच्या पत्त्यावरून उत्तर यायची वाट बघत होती. वहिनीने पत्ता बदलला. सामान आता जागेवरच होतं. पुढचं बिल्ड चहा निवायच्या आत झालं.

थोड्या वेळाने नर्सचा फोन आला. "आता बरोबर दिसतंय हो. तान्ह्या बाळाचं औषध होतं. चमचा हातात घेऊन उभी होते मी."

 साहेब गेल्यावर भावजी म्हणाला, "वहिनी, मी मर्यादा उडवली असती ना, तर ते त्या तपासणीवर अडकून बसलं असतं. आणि मी इथे, चालतंय चालतंय म्हणत, खुशाल वाट बघत बसलो असतो."

"हो," वहिनी म्हणाली. तिने मर्यादेच्या ओळीशेजारी लिहून ठेवलं: रिकाम्या मशीनला चाळीस लागतात, ही काढू नये.